नव्वद सुया आणि एक बेरंग पत्र

बुधवार, ३ फेब्रुवारी १९८२

खुळ्‌ खुळ्‌ खुळ्‌... पितळी भांड्यातल्या उकळत्या पाण्यात काचेची सिरिंज नाचायची, तिचा हा आवाज. खाली स्टोव्हची घरघर आणि वर हे नाजूक खुळखुळणं, जणू कुणी रांगती पोर पायात वाळे घालून स्वयंपाकघरात शिरली आहे. सत्तावीस वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. आज सकाळी ऐकला आणि हातातलं वर्तमानपत्र तसंच टाकून आत धावलो.

सिरिंज कुठली असायला! दूध उतू जाऊ नये म्हणून लीलानं पातेल्यात छोटी बशी पालथी टाकली होती, ती बिचारी तळाशी थडथडत होती.

"काय झालं? चहाला अजून वेळ आहे," लीला म्हणाली.

"सिस्टर आल्यासारखं वाटलं."

एरवी हसली असती. आज हसली नाही. नकळत तिचा हात उजव्या दंडाकडं गेला आणि तिथंच थोडा वेळ राहिला.

योग पाहा. दुपारी तिकीटसंग्राहक मंडळाचे चिटणीस आले. क्षयाच्या जंतूचा शोध लागल्याला येत्या २४ मार्चला शंभर वर्षं होतात, म्हणून रॉबर्ट कॉखचं तिकीट निघणार आहे. त्या दिवशी मंडळ एका दिवसाचं प्रदर्शन भरवतंय. म्हणाले, "तुमची ती औषधपाण्याची तिकिटं मांडा की. सोळा पानं तुमची."

पोस्टात चौतीस वर्षं सॉर्टर म्हणून काढली. जगभरची तिकिटं डोळ्यांखालून गेली, आणि मी वेडा नेमकी डॉक्टरांची, दाईंची, डासांची आणि लाल क्रॉसची तेवढी जमवत बसलो. लोकांना वाटतं छंद आहे. छंद कसला? माझी बायको जिवंत आहे, त्याचे आभार कुणाला तरी पाठवायचे राहून गेलेत. हे प्रदर्शन म्हणजे ते आभाराचं पत्र. फक्त पत्ता माहीत नाही.

पद्मजाच्या शाळेतली एक कोरी वही सापडली, तीत हे लिहितो आहे. पोरगी आता नागपुरात दोन मुलांची आई, आणि वहीवर अजून 'इयत्ता सहावी ब'.


सोमवार, ८ फेब्रुवारी

पानं लावायला घेतली. चिमट्यानं तिकीट उचलायचं, उजेडात धरायचं, कागदी बिजागरीवर बसवायचं. लीला म्हणते, "माझा हात धरताना कधी इतकी काळजी घेतली नाहीत."

प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनचं चौसष्ट सालचं तिकीट पहिल्या पानावर. आमचे वडील सांगायचे, प्लेगात सगळं कोल्हापूर माळावर झोपड्या बांधून राहिलं होतं आणि गावात फक्त मांजरं उरली होती. मग रेडक्रॉसच्या हेन्री ड्यूनांचं, मलेरियाच्या डासाचं, महारोगाचा जंतू शोधणाऱ्या हॅन्सनचं. मेरी क्यूरीचं तिकीट बसवताना चिमटा खाली ठेवला. तिच्यापुढं रोगी आडवा आहे, आणि आडवं माणूस तिकिटावर पाहिलं तरी मला लीला पडून असायची ती आमची बाहेरची खोली दिसते.

संध्याकाळी गणपतराव आले. गणपतराव म्हणजे शिवाजी पेठेतले माझे जुने स्नेही, आरोग्य खात्यात देवी टोचायला होते. चंदगडपासून मलकापूरपर्यंत एक वाडी त्यांनी सोडली नसेल.

"काय पंत, आज कुणाचं ऑपरेशन?" चिमटा बघून त्यांनी दारातूनच विचारलं.

मी त्यांना आफ्रिकेतलं देवीनिर्मूलनाचं तिकीट दाखवलं. एक कर्मचारी पिस्तुलासारख्या यंत्रानं पोराला टोचतोय. गणपतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ह्येच्या हातात बंदूक! आन् आमी नुसती सुई घिऊन गावात शिरलो तर पोरं कणगीत, बाया माळ्यावर आन् कुत्री आमच्या अंगावर. एकीनं तर वरनं राखंचं टोपलं वतलं." मग जरा थांबून, "ह्या गड्याचं तिकीट निघालं बघा. आमचं कोण काढतंय?"

हसत म्हणाले, पण तिकीट लवकर खाली ठेवलं नाही.

ते गेल्यावर ते बोलणं मनातून जाईना. शोध लावणाऱ्याचं तिकीट निघतं, टोचणाऱ्याचं निघत नाही. ठरवलं. पंधरा पानं तिकिटांची. सोळावं पान लीलाला टोचायला येणाऱ्या बया सिस्टरचं, तिकिटाशिवाय.


सोमवार, १५ फेब्रुवारी

सोळाव्या पानासाठी त्या नव्वद दिवसांबद्दल लिहायला बसलो आणि सकाळ संपली. इथं मनमोकळं लिहितो, पानावर चार ओळी पुरतील.

चोपन्न सालची दिवाळी. लीलाला क्षय. डॉक्टर म्हणाले, नवीन औषध आलंय, नव्वद इंजेक्शनं, एकही चुकवायचं नाही. पद्मजाला आजोळी धाडली. गल्लीतली माणसं आमच्या दारापुढून जाताना पदर, उपरणं, जे हाताला येईल ते नाकाला लावायची. दूधवाला भांडं उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगून लांबून धार सोडायचा.

आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पेठेतल्या दवाखान्याची एक नर्स सायकल भिंतीला टेकवून सरळ आत आली. चंदगडकडची, शेतकऱ्याची लेक, अठ्ठावीसेक वर्षांची. बयाबाई नाव. आवाज असा, की चौकातल्या माणसानं वळून बघावं.

"पेशंट कुठाय? आन् तुमी का वो आसं मड्यापशी बसल्यागत बसलाय? त्या जित्या हाईत की!"

त्या दिवसांत आमच्या घरात मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य.

सुई बघून लीला हात आखडून घ्यायची. सिस्टर मला म्हणाली, "तुमी पोष्टातलं मास्तर न्हवं? रोज एवढं वाचताय. म्हणा की कायतरी, बाईस्नी ध्यान तिकडं लागूदे." मी मास्तर नव्हे, साधा सॉर्टर, पण तिच्या लेखी पोस्टातले सगळेच मास्तर. शाळेतल्या कविता मला ढीगभर पाठ; त्या घटकेला एकही आठवेना. गुरुजींनी टेबलावर छडी आपटून शिकवलेला भुजंगप्रयात तेवढा कानात वाजत होता. त्या ठेक्यावर तोंडाला आलं ते म्हटलं:

सुई एक आली, सुई एक गेली...

तोवर सुई खरंच येऊन गेली होती!

झालं. तेव्हापासून रोज एक ओळ. मी सायकलवरून कामाला जाताना जुळवायची, सकाळी म्हणायची. एखादे दिवशी जमली नाही तर सिस्टर सिरिंज हातात धरून उभी. "वळ कुठाय, मास्तर? वळीबिगर सुई न्हाई." टोचून झालं की कॅलेंडरच्या पाठीवर त्या दिवसाचा आकडा लिहायची. कॉपिंग पेन्सिल जिभेला लावायची, त्यामुळं जीभ कायम जांभळी. लीला म्हणायची, "सिस्टर, आज पण जांभळं खाल्लीत वाटतं." दोघी हसायच्या. त्या हसण्यानं निम्मा क्षय गेला असं माझं मत आहे.

नव्वदाव्या दिवशी तिनं आकड्यापुढं क्षयनिवारणाचं सील चिकटवलं. क्षयरोग्यांच्या मदतनिधीसाठी त्या वर्षी ती दवाखान्यातर्फे ही सीलं खपवत होती. तिकिटाएवढा कागद, दोन आडव्या दांड्यांचा लाल क्रॉस.

"ह्ये बी तिकीटच की वो, मास्तर. चिकटतंय न्हवं?"

माझं मन भरून वाहत होतं. मी म्हणालो, "सिस्टर, याच्यापुढं राजाचं तिकीट फिकं. हे लावलेलं पत्र जगात कुठंही पोचेल. पोस्टातल्या माणसाचा शब्द आहे."

ती खूश झाली. उरलेली सीलं तिनं जपून पिशवीत ठेवली. मलाही माझं वाक्य आवडलं होतं, अजून आवडतं.

पुढं तिची बदली झाली. परत आली नाही, की दोन ओळींचं कार्ड नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा लागलं होतं. वाटलं, माणसं कामापुरती. कृतघ्न विचार. ज्या बाईनं नव्वद दिवस दिले तिनं वर कार्डही टाकावं, ही माझी हाव.


सोमवार, २२ फेब्रुवारी. महाशिवरात्र.

आज सीलांचं पान केलं. सील म्हणजे तिकीट नव्हे, हे बघणाऱ्यांना समजावं म्हणून खाली एक गंमत लिहिली. लीला समोर रताळी सोलत होती, तिला वाचून दाखवली.

गंमत अशी. माझा चुलतभाऊ अंबादास मलकापूरहून सगळी पत्रं बिनतिकिटाची टाकायचा. अशा पत्राला आम्ही बेरंग म्हणतो. घेणाऱ्यानं दुप्पट आकार द्यायचा, नाहीतर नाकारायचं, की ते पाठवणाऱ्याकडं परत. अंबादासच्या पत्रात 'सर्व क्षेम' यापलीकडं काही नसायचं. शेवटी मी नियम केला, बेरंग पत्र या घरात घ्यायचं नाही, मग ते कुणाचंही असो. तर छप्पनच्या संक्रांतीच्या सुमारास पोस्टमननं एक बेरंग लिफाफा आणला. बघतो तर तिकिटाच्या जागी क्षयाचं सील! कुणा भोळ्यानं तेच तिकीट समजून लावलेलं. मी वर झोकात 'नाकारले' लिहून सही ठोकली. पोस्टात आठवडाभर ही गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं.

लीला हसली नाही.

"कुणाचं होतं?"

"कोण जाणे. पाठीमागं नाव असणार, मी उलटवलंच नाही. नियम म्हणजे नियम."

"अक्षर कसं होतं?"

"मोठं, गोल. जांभळं. कॉपिंग पेन्सिलीचं. तेव्हा निम्मी पत्रं त्याच पेन्सिलीची असायची."

सुरी ताटलीत पडली. "अहो," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. रताळी तशीच राहिली. उपासानं तिला पित्त होतं. पुढच्या वर्षी करू देणार नाही.


मंगळवार, २ मार्च

लीलाला प्रदर्शनाचं माझ्याहून जास्त वेड लागलंय. रोज एकच. "सोळावं पान राहू द्या. आधी बाई शोधा."

दवाखाना होता तिथं आता सायकलचं दुकान आहे. नव्या जागी गेलो, तर तिथल्या कारकुनानं इतकी जुनी दप्तरं नाहीत म्हणून सांगितलं. गणपतराव म्हणतात, त्या वेळची आया विठाबाई पेठेत तालमीच्या मागं राहते, तिला ठाऊक असेल.

जाऊ, जाऊ म्हणतो आणि पाय निघत नाही. सिस्टरला आम्ही आठवत नसलो तर? हजार दंड टोचले तिनं. आज लीलाला म्हणालो, "इतक्या वर्षांत तिनं एक ओळ लिहिली नाही. आपण कशाला तिला त्रास द्यायचा?"

"लिहिली नाही, असं तुम्हाला वाटतं," ती म्हणाली.

'वाटतं'वर एवढा जोर कशाला, ते कळलं नाही.


रविवार, १४ मार्च. रंगपंचमी.

हे आजच लिहायला हवं.

लीलानं सकाळी शर्ट हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली. गणपतरावांना घेऊन विठाबाईकडं गेलो. म्हातारी पंच्याहत्तरीची, पण नजर तिखट. दारात बसून तांदूळ निवडत होती.

"विठाबाई, पावणं आणलंय," गणपतराव म्हणाले. "वळखा बघू. पोष्टातलं."

तिनं मला खालीवर पाहिलं. "वळीवालं मास्तर? सुईबरूबर कविता म्हणायचं, ते? आता आलासा व्हय? यष्टी चुकलीती काय एवढी वर्सं?"

मी हसलो. बया सिस्टरचा पत्ता विचारला.

"तिला बी तेच दुखणं लागलं की, तुमच्या मंडळींचं झाल्यावर, आठ-धा म्हैन्यानं. सॅनेटोरियमात हुती वरीसभर. तुमास्नी ठावं न्हाई?"

मी म्हणालो, नाही. तिनं कळवलं असतं तर धावत गेलो असतो.

विठाबाईनं सूप खाली ठेवलं. "कळीवलं न्हाई? म्या सवता बगितलाय त्यो कागूद. तिला भेटाय गेलते तवा हातात घिऊन बसलीती. लाल कुरूस लावल्याला. तुमच्या घरनं परत आल्याला. वर लिवलंतं, नाकारलं म्हणून."

गणपतराव माझ्याकडं बघत होते. तालमीपुढं पोरं ओरडत होती. मला एकदम ते जांभळं गोल अक्षर दिसलं. कॅलेंडरवरचं आणि लिफाफ्यावरचं, एकच.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हणाली, भ्याली आसतील, विठा. बाईचं फुफूस आत्ता कुटं भरलंय, क्षयवालीचा कागूद घरात घिऊच ने त्यांनी. बरंच केलं, म्हणाली."

"आणि आत काय लिहिलं होतं?"

"तुमच्या त्या वळी मागितल्यात्या. म्हणाली, मलाबी नव्वद लागल्यात आन् हितं सुई टोचताना म्हणाय कोण न्हाई."

बाहेर आलो. बोळाच्या तोंडाशी कुणीतरी अख्खी बादली अंगावर ओतली. गुलाबी पाणी चष्म्यावरून ओघळत होतं. लोक म्हणाले, आज मास्तर रंगले. गणपतरावांनी माझा दंड धरून घरापर्यंत आणलं. एकही थट्टा केली नाही.

लीला उंबऱ्यातच होती. मी सांगायला लागलो तर म्हणाली, "मला शिवरात्रीलाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसत होता ना. म्हटलं, हे हसू त्यांचं त्यांनाच खाली ठेवू दे."


सोमवार, १५ मार्च

जगात कुठंही पोचेल, हा शब्द मी दिला. नाकारले, हा शब्द मी लिहिला. दोन्ही सारख्याच झोकात. आज बाकी काही लिहवत नाही.


बुधवार, १७ मार्च

विठाबाईचा निरोप: बया बरी झाली, पुढं तिकडंच खेड्यापाड्यांत नोकरी केली, आता चंदगडजवळ आपल्या गावी असते. जिवंत आहे! दोन दिवस नुसता हाच शब्द मनात घोळतोय. मी तिला मारली नाही. तिनं लीलाला वाचवलं, आणि तिला आणखी कुणीतरी वाचवलं, ज्याचं नाव मला कधीच कळणार नाही. त्या अनोळखी हातालाही माझा नमस्कार.

चिठ्ठी लिहिली. 'तुमचं पत्र आजाराच्या भीतीनं नाकारलं नव्हतं. मूर्खपणानं नाकारलं. माझ्याच शब्दावर तुम्ही ते सील लावलंत आणि मीच ते पत्र परत लावून दिलं. लीला सुखरूप आहे. बुधवारी, चोवीस तारखेला प्रदर्शन आहे. जमलं तर या. नाही जमलं तर मी येतो.' खाली घरचा पत्ता. चंदगड गाडीचा कंडक्टर आकाराम गणपतरावांच्या ओळखीचा, त्याच्या हाती दिली. गणपतराव म्हणाले, "पोष्टातलं माणूस आन् चिट्टी यष्टीनं?" म्हटलं, "पोस्टावर माझा विश्वास आहे. माझ्यावर नाही."

मग नव्वद ओळी उतरवायला बसलो. चाळिसाच्या पुढं जाईना. लीला म्हणाली, "सरका," आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली, तेव्हा पडायची तशी. डोळे मिटले, बाही वर केली.

"एक्केचाळीस. त्या दिवशी डावा दंड सुजला होता," म्हणाली आणि घडाघडा म्हणू लागली:

नको दंड ओढू, नको ओठ चावू
तुला अंगणी कोवळे ऊन दावू

एकेक ओळ दुखलेल्या जागेसकट तिला पाठ होती. मी बनवल्या आणि विसरलो. तिनं सोसल्या, म्हणून तिच्याकडं राहिल्या. नव्वदावी मला मुळीच आठवत नव्हती. ती उठून बसली, बाही खाली केली आणि म्हणाली:

पुन्हा दार वाजेल, तेव्हा हसावे

दिवेलागण झाली होती. मी ती ओळ उतरवून घेतली.


शनिवार, २० मार्च

गणपतराव आले. चप्पल काढली आणि दाराशीच बसले.

"पंत, आकाराम जाऊन आला. दाराला कुलूप. शेजारच्या म्हातारीला इचारलं तर म्हणाली, बया व्हय? ती गेली की, परवा दिशी."

लीला स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कशानं गेली, विचारलं का?"

"गाडी सुटत हुती. त्यानं चिट्टी दाराच्या फटीतनं आत सारली आन् आला पळत."

सत्तावीस वर्षं आणि वर दोन दिवस. बेरंग पत्रालाही इतका उशीर होत नाही.

अंघोळ केली. लीलानं देवापाशी एक जादा निरांजन लावलं. नातं काय सांगायचं, कुणाचं सुतक? तरी दोघं जेवलो नाही.

आता वाईट वाटतंय, पण आतून दुसरंही काही येतंय. ती बरी झाली होती. सव्वीस वर्षं जगली. मला दोष दिला नाही. उलट माझ्या बायकोचं फुफ्फुस जपलं, तेही स्वतः खोकत असताना. असं माणूस आमच्या दारात नव्वद वेळा आलं होतं. याहून जास्त मागणं शोभत नाही.


मंगळवार, २३ मार्च

पानं लावून आलो. आफ्रिकेच्या तिकिटाखाली मी एक ओळ वाढवली आहे: 'आमच्या जिल्ह्यात हे काम पायी फिरून करणारे अनेक. त्यांतले एक, गणपतराव, शिवाजी पेठ.' ते समोर उभे राहिले, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ह्या हालात धूळ लई हाय. डोळ्यात जातीया."

सोळाव्या पानावर कॅलेंडरचा तो कागद, एक ते नव्वद जांभळे आकडे, शेवटी लाल सील. खाली नव्वद ओळी. त्याखाली मी केलेली चूक, नाव-गावासह. सीलांच्या पानावरची गंमत खोडून टाकली.

चिटणीस कुरकुरले. "यात तिकीट कुठं आहे? नियमात बसत नाही."

"नियमानं एकदा फार नुकसान झालंय," मी म्हणालो. "हा माझा दंड समजा. राहू द्या."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनीच पानाला पिना लावल्या.


बुधवार, २४ मार्च

सकाळी पोस्टात रांग लावून कॉखचं तिकीट घेतलं. खिडकीवरच्या पोरानं ओळखलं नाही; बरं वाटलं. हॉलमध्ये दिवसभर माणसं. सोळाव्या पानाशी एक खेडवळ जोडपं पाऊण तास होतं. नवरा बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता, बायको ऐकत होती. जाताना तिनं बाही सरळ केली. मी पुढं होऊन काही विचारलं नाही.

पाचला आवरलं. पानं उतरवून घरी आलो. पाडवा परवावर आलाय, गल्लीत गाठ्यांच्या माळा टांगल्यात. लीलानं दूध तापत ठेवलं, बशी खुळखुळायला लागली. मी इथं वही उघडून बसलो, दिवसाचा शेवट काय लिहावा या विचारात.

दार वाजलं.

वाटलं, गणपतराव. लीला कडी काढायला गेली आणि बाहेरून आवाज आला. चौकातल्या माणसानं वळून बघावं असा.

"पोष्टातलं मास्तर हाईत का घरात? का त्यांनी बी माझ्यागत जायाचं ठरीवलंय?"

मी उठलो, खुर्ची पडली. दारात पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई. खांद्याला पिशवी, पायांवर रस्त्याची धूळ.

"भाचीच्या बाळंतपणाला मलकापुराला गेलते, पाच-सा दिस. काल येऊन बगती तर दारात तुमची चिट्टी, आन् त्यो आकाराम गावभर सांगत सुटलाय, बया गेली म्हणून! यष्टीत त्येच्याच शेजारी येऊन बसले, तर भूत बगितल्यागत तिकीट फाडायचं इसरला."

लीलानं तोंडावर पदर धरला होता. हसत होती की रडत होती, मला अजून सांगता येणार नाही.

बया सिस्टरनं पिशवीत हात घातला. पिवळा पडलेला लिफाफा काढला. कोपऱ्यात दोन आडव्या दांड्यांचा लाल क्रॉस, मधोमध माझं नाव जांभळ्या गोल अक्षरात, आणि त्यावर आडवा, माझ्या हातचा तो एक शब्द. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"बेरंग हाय बगा, मास्तर. घेताय, का परत लावताय?"